घोडा ट्रकमधून उतरवला तर पुढचा उजवा पाय टेकवत नाहीये, शनिवारी बंगळुरूला स्पर्धा आहे, काय करू?

बादलची_ताई
नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय, चुका समजून घ्या. माझा बादल 11 वर्षांचा थरोब्रेड आहे, रेसमधून रिटायर झालेला, चार वर्षांपासून माझ्याकडे शो जंपिंग करतो. काल रात्री 10 ला पुण्याहून निघालो, खंबाटकी उतरलो, कराडला थांबून पाणी पाजलं तेव्हा एकदम ठीक होता, आणि पहाटे कोल्हापूरच्या अलीकडे ओळखीच्यांच्या गोठ्यावर उतरवला तर रॅम्पवरच पुढचा उजवा पाय अलगद टेकवायला लागला. आता उभा आहे तर तो पाय पुढे काढून, टाच उचलूनच उभा आहे. खूर हाताला गरम लागतंय, डावं तेवढं नाही. कुठे सूज नाही, कापलेलं नाही. ताप बघितला, 100.4 आहे. लसूणघास खातोय पण लक्ष नाही खाण्यात, सारखा मान वळवून माझ्याकडे बघतोय.
नाल मंगळवारी मारून घेतली होती, नेहमीचा नालबंद गावाला गेला होता म्हणून दुसऱ्याकडून. आज गुरुवार. संध्याकाळी पुढे निघायचं ठरलंय, अजून सहाशे किलोमीटर आहे. ट्रेनर म्हणतात एक इंजेक्शन मारून घे, शनिवारपर्यंत होईल नीट. मला काही सुचत नाहीये.

वेग_आणि_वारा
ताई प्रवासाने अंग आखडतं घोड्याचं, टेन्शन नका घेऊ. ब्यूट (फेनिलब्युटाझोन, घोड्यांचं वेदनाशामक) द्या, नाही मिळालं तर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेऊन मारा, दोन तासांत पळायला लागेल. आम्ही शर्यतीला नेताना असंच करायचो.

पशुवैद्य_सातारा
वरचं कृपा करून करू नका. डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला 2006 पासून बंदी आहे, गिधाडं त्याच्यामुळेच संपत आली, आणि माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक आणून जनावराला टोचणंही चालत नाही. ब्यूट एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) यादीत कंट्रोल्ड मेडिकेशन आहे, म्हणजे उपचाराला चालतं पण स्पर्धेच्या वेळी अंगात सापडता कामा नये. त्यांनी दिलेला डिटेक्शन टाइम, म्हणजे औषध तपासणीत किती दिवस सापडतं ते, ब्यूटला 7 दिवस, फ्लुनिक्सिन आणि मेलोक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकांना 6 आणि 3, आणि हा आकडा म्हणजे एवढ्या दिवसांनी खेळवा असा नाही, डॉक्टरने त्याच्यावर अजून मार्जिन धरायचं असतं. म्हणजे आज गुरुवारी यातलं काहीही दिलं तरी शनिवारी सॅम्पल घेतलं तर सापडू शकतं. पण ते राहू द्या बाजूला, मुख्य मुद्दा वेगळाच आहे. दुखणं दाबलं की घोडा त्या पायावर पूर्ण वजन टाकतो, आणि आत जे काही चाललंय ते वाढत जातं, तुम्हाला कळतसुद्धा नाही.
आता एक करा. फेटलॉकच्या (खुराच्या वरच्या सांध्याच्या) मागे दोन्ही बाजूंना बोटं हलकी ठेवा, नाडी लागेल. आधी डाव्या पायाची बघा, मग उजव्या. उजवी जोरात धडधडत असेल तर गडबड खुराच्या आतच आहे, वर खांद्यात शोधत बसू नका. आणि महत्त्वाचं, दोन्ही पुढचे पाय पुढे काढून मागच्या पायांवर रेलून उभा राहतोय का ते बघा. तसं असेल तर लॅमिनायटिसचा (खुराच्या आतल्या नाजूक थरांना सूज येण्याचा) संशय धरायचा, मग तो एक पाऊलही हलवायचा नाही, गुडघ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात पाय ठेवायचे आणि डॉक्टरला तिथेच बोलवायचं. तुमच्या वर्णनावरून एकाच पायाचं वाटतंय, तरी खात्री करा.

बादलची_ताई
बघितलं डॉक्टर. उजवीकडे नाडी अशी ठोकतेय की बोट उडतंय. डावीकडे शोधावी लागली. मागे रेलत नाहीये, वजन डाव्या पायावर घेतोय.

नालबंद_तिसरी_पिढी
ताई माझे आजोबा, वडील, मी, सगळे हेच काम. मंगळवारी नाल, गुरुवारी लंगडा, म्हणजे पहिला संशय खिळ्यावर. रेसच्या घोड्यांची खुरं पसरट, तळवा पातळ, भिंतही पातळ, त्यात पावसाळ्यात भिजून मऊ झालेली खुरं दिवाळीनंतर सुकून तडकतात, मग खिळा धरेना म्हणून नवा माणूस जरा आत घेतो. खिळा पांढऱ्या रेघेच्या, म्हणजे तळवा आणि भिंत जिथे जुळतात त्या रेषेच्या, बाहेरूनच गेला पाहिजे. आत शिरला तर घोडा तिथल्या तिथे पाय ओढतो, पण नुसता जवळून गेला तर लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी दाब येऊन दुखायला लागतं. आणि ट्रकमध्ये रात्रभर ब्रेक लागला की घोडा पुढच्या पायांवर तोल सावरतो, तिथे ते सगळं बाहेर आलं.
छोटी हातोडी घ्या, पाय उचलून एकेका खिळ्यावर हलकं टकटक करा, सगळीकडे सारखा जोर. एका खिळ्यावर पाय झटकेल. तो कळला तरी नाल पकडीने ओढून काढू नका, सगळा तळवा ओरबाडेल. भिंतीवर वळवलेली टोकं कानशीने घासून सरळ करायची आणि एकेक खिळा वेगळा काढायचा. काढलेला प्रत्येक खिळा बघायचा, ओला आहे का, काळं पाणी लागलंय का, वास येतो का. हे जमत नसेल तर हात लावू नका, कोल्हापुरातला नालबंद मी बघून देतो, मेसेज करा.

पशुवैद्य_सातारा
नालबंदभाऊंचं अगदी बरोबर. फक्त भोकातून पू निघाला तर ते मोकळं ठेवायचं, पण सुरीने खोदत बसू नका, जेवढं मोठं भोक कराल तेवढा तळवा भरायला वेळ लागतो. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट, 15-20 मिनिटं पाय बुडवून ठेवायचा, मग गव्हाच्या कोंड्यात तेच मीठ कालवून खुराला लावायचं, वरून लहान बाळाचा डायपर आणि त्याच्यावर डक्ट टेप. दिसायला कसंही दिसू दे, याच्याइतकं टिकणारं दुसरं काही नाही. टेप मात्र वर केसांवर घट्ट गुंडाळू नका. आणि धनुर्वाताची लस कधी झालीय ते आत्ता कार्ड काढून बघा. खुरातली जखम आणि घोडा म्हटलं की धनुर्वाताची भीती सगळ्यात जास्त, यात उद्या-परवा करू नका.

लांबच्या_पल्ल्याची
मी एन्ड्युरन्स (घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती) करते. पुढे बंगळुरूला न्यायचा विचार असेल तर नेऊ नकोस एवढंच सांगते. तीन पायांवर उभा असलेला घोडा बारा-चौदा तास ट्रकमध्ये नेला की चांगल्या पायावर भार पडून त्याचंच लॅमिनायटिस होऊ शकतं, माझ्या ओळखीत एक घोडी अशीच गेली. आहे तिथेच ठेव. खाली भाताचं तूस जाड घाल, गुडघे टेकावेसे वाटले पाहिजेत त्याला, आडवा झाला तर उठवू नकोस, पायांना आराम मिळतो. परत आणताना मान उंच बांधून आणू नकोस, दोर सैल ठेव, दर चार तासांनी थांबून डोकं खाली घेऊ दे म्हणजे छातीत कफ साठत नाही.

बादलची_ताई
शुक्रवार संध्याकाळ. सगळ्यांना सांगायचं राहिलं म्हणून लिहितेय.
काल दुपारी नालबंद आला, भाऊंनी पाठवलेला. बाहेरच्या बाजूचा, टाचेकडून दुसरा खिळा. हातोडी लागली आणि बादलने पाय इतक्या जोरात ओढला की सईस मागे पडला. खिळा निघाला तो काळ्या पाण्यासकट, घाण वास, मी पहिल्यांदाच बघितला. पाठोपाठ पाणी येत राहिलं. डॉक्टर आले, त्यांनी धुतलं, लसीचा बूस्टर दिला कारण कार्डावर दीड वर्ष झालं होतं, आणि ती चूक माझीच. रात्री दोनदा शेक दिला. त्याने पाय बादलीतून काढला नाही, डोकं माझ्या खांद्यावर टाकून उभा राहिला.
स्पर्धेतून नाव काढलं. ट्रेनर नाराज आहेत, वर्षभराची तयारी होती, मलाही रडू आलं. पण रॅम्पवरचा तो पाय डोळ्यांसमोरून जात नाही.
आज सकाळी नाडी बरीच शांत. चालायला लावला नाही, पण स्वतःहून पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. आत्ता पुढच्या दोन्ही पायांवर सारखं वजन आहे आणि मागचा डावा ढिला सोडून पेंगतोय. भाऊ, नवीन नाल कधी मारायची?

नालबंद_तिसरी_पिढी
घाई नाही. भोक कोरडं झालं, दोन-तीन दिवस सलग चालताना लंगडल्यासारखी मान वरखाली होत नाही, मग. तोपर्यंत डायपर रोज बदला. नाल मारताना त्या जागेचा खिळा सोडून द्यायचा, बाकीचे पुरतात. आणि पुढच्या वेळी प्रवासाआधी निदान आठ-दहा दिवस तरी नाल झालेली असू द्या, काही चुकलंच तर घरी कळेल.