सी मेजरची सी मायनर करताना बेसूर का वाजतं?

नवी_तार: गिटारवर ए, ई, डी या मेजर कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) एक बोट एक फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर) मागे घेतलं की मायनर मिळते. सी मेजरमध्येही चौथ्या तारेवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर आणलं, पण कानाला टोचतंय. गिटार ट्यूनमध्ये आहे. चुकतंय कुठे?

कोमल_ग: पहिली, म्हणजे सर्वात बारीक, तार मोकळी वाजतेय, म्हणून.

मेजर म्हणजे सा, शुद्ध ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. एकाच तारेवर मोजा: सा पासून कोमल ग तिसऱ्या फ्रेटवर, शुद्ध ग चौथ्यावर, प दोन्हींत सातव्यावरच. म्हणजे हलतो तो फक्त ग. ए मेजरमध्ये तो एकट्या दुसऱ्या तारेवर असतो, ई मेजरमध्ये तिसऱ्या, डी मेजरमध्ये पहिल्या. म्हणून तिथे एका बोटात भागतं. सी चा ग म्हणजे ई, आणि तो दोनदा येतो: चौथ्या तारेवर आणि मोकळ्या पहिल्या तारेवर. तुम्ही एकच उतरवलात. दोन्ही गंधार एकदम वाजले तर टोचणारच, आणि मोकळी तार आणखी खाली नेता येत नाही.

बार_कॉर्ड: उपाय दोन. पाचवी तार तिसरा फ्रेट अनामिकेने, चौथी तार पहिला फ्रेट मधल्या बोटाने, तिसरी मोकळी, दुसरी तार पहिला फ्रेट तर्जनीने. तर्जनी थोडी आडवी करून पहिली तार बंद ठेवा, सहावी वाजवू नका. नाहीतर ए मायनरचा आकार तिसऱ्या फ्रेटवर बार धरून, म्हणजे तर्जनी तारांवर आडवी दाबून.

नवी_तार: बार धरला. बेसूर नाही, पण मायनरही वाटत नाही.

कोमल_ग: दुसरी तार एकटी छेडून बघा, बहुतेक दबलेली असेल. त्या आकारात ग तिथेच, चौथ्या फ्रेटवर आहे. ती तार गेली की उरले सा आणि प, ना मेजर ना मायनर. अनामिका किंवा करंगळी तिला खालून टेकते, बोटं टोकावर उभी करा. एफ मायनरच्या बारमध्ये हीच गत तिसऱ्या तारेची. तिथे ग तर्जनीच्या बारवरच असतो आणि बोटाच्या पेराची घडी नेमकी त्या तारेवर येते. तर्जनी किंचित वर-खाली सरकवली की सुटतं.

सहावी_तार: जी मेजरलाही हाच त्रास, मोकळी दुसरी तार शुद्ध ग. तिच्यावर तिसरा फ्रेट दाबा, ग जाऊन प येतो. मग पाचवी तार पहिल्या फ्रेटवर आणली की जी मायनर. पण कोमल ग इतका खाली, सा ला चिकटून आला की जरा घुमतं. मी तरी बारच धरेन.