वाचाघात झालेल्या माणसाच्या बोलण्यातल्या चुका मोजून काय मिळतं?

काळीशाई (मूळ धागा)

बाबांना पक्षाघात होऊन आठ महिने झाले. उजवा हात बराच सुटला, बोलणं मात्र अडकलंय. निदान ब्रोका प्रकारच्या वाचाघाताचं: समजतं बरंचसं, शब्द निघत नाहीत, निघाले तरी सुटे सुटे. परवा तपासणीचा अहवाल हातात आला. एक चित्र दाखवून त्यांना बोलायला लावलं होतं. ते जसंच्या तसं उतरवून खाली हिशेब मांडलेला: पूर्ण वाक्यं किती, क्रियापदं किती, प्रत्यय किती गळले. मला तो कागद वाचवेना.

त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "खिडकी... पाऊस... तू... वही." माझी वही खिडकीत भिजत होती. चार शब्द, एकही क्रियापद नाही, पण वही वाचली. त्या कोष्टकात या बोलण्याला जागाच नाही.

चार्ल्स गुडविन यांनी १९९५ साली अशा एका माणसाचा संवाद अभ्यासला, ज्याच्याकडे 'हो', 'नाही' आणि 'आणि' एवढेच शब्द उरले होते. सूर, हातवारे आणि समोरच्यांचे अंदाज यांच्या जोरावर तो माणूस घरातल्या गप्पांत पुरेपूर सामील असायचा. म्हणून माझं म्हणणं: चुका मोजणं सोडा, पोचलं किती ते मोजा.

स्वरयंत्र

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि तुमचं म्हणणं मला पटत नाही. वही वाचली, कारण खिडकी, पाऊस, वही सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होतं. माझ्याकडे येणारे एक काका घरी म्हणाले, "गोळी... बंद... डॉक्टर... मी." डॉक्टरांनी बंद केली, असं घरच्यांनी धरलं. खरं तर काकांनी ती स्वतःच सोडली होती आणि 'डॉक्टरांना सांगायचंय' म्हणत होते. रक्तदाबाची गोळी होती. सगळा फरक 'नी' आणि 'ना' या दोन प्रत्ययांचा.

'समजतं बरंचसं' यावरही विसंबू नका. 'मुलगा चेंडू फेकतो' हे नुसत्या शब्दांवरून कळतं, चेंडू काही मुलाला फेकत नाही. 'मुलगा मुलीला ढकलतो' याला मात्र व्याकरणच लागतं. कर्ता-कर्म असे उलटता येतील अशा गुंतागुंतीच्या वाक्यांत ब्रोका प्रकारच्या रुग्णांचं उत्तर जवळजवळ अंदाजपंचे येतं, हे कारामाझा आणि झुरिफ यांनी १९७६ मध्ये दाखवलं. अडतं कुठे हे नेमकं कळलं नाही, तर सराव कशाचा घ्यायचा?

उंबरठा

असं बोलणं उतरवून घेण्याचं काम मी करतो. मोजावं, पण मोजपट्टी मराठीची हवी. इंग्रजीत प्रत्यय गळला तरी मागे धडधाकट शब्द उरतो. मराठीत नुसत्या धातूवर सहसा थांबता येत नाही, काहीतरी जोडावंच लागतं. म्हणून आपल्याकडे गळण्यापेक्षा अदलाबदल जास्त सापडते: 'आई गेला', 'पुस्तक आणला'. लीझ मेन आणि लोरेन ओब्लर यांनी १९९० मध्ये १४ भाषांतले नमुने एकत्र आणले, तेव्हा भाषेगणिक चुकांचा तोंडवळा बदलतो हेच पुढे आलं. आणि सगळ्या चुका एका मापाच्या नसतात. 'पुस्तक आणला' म्हटल्याने ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. 'ने'च्या जागी 'ला' आला की कर्ताच बदलतो. दोन्हींना एकेक गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक. काही भागांत 'मी काम केलो' असंच बोलतात. आजाराआधी माणूस कसा बोलायचा, हे घरच्यांना विचारल्याशिवाय अशा ठिकाणी चुकीची खूण करू नये.

पुन्हा_बोलतोय

मला स्वतःला वाचाघात झाला होता. हा प्रतिसाद लिहायला दीड तास लागला. तुटक बोलणं दरवेळी चूक नसते. पूर्ण वाक्य जुळवायला गेलो की शेवट येईपर्यंत सुरुवात विसरायचो. मग मी ठरवून तीनच शब्द बोलायचो. सावकाश विचारलं तर पूर्ण वाक्य यायचं. मोजणाऱ्याने तेवढं थांबावं.

काळीशाई

@स्वरयंत्र, रात्री दोन चित्रं काढली. एकात मुलगा मुलीला ढकलतोय, दुसऱ्यात उलट. बाबांना सहा वेळा विचारलं, तीनदा चुकले. आठ महिने मी त्यांच्याशी भरभर बोलत आले आणि त्यांनी मान हलवली की कळलं असं धरत आले. अहवाल पुन्हा काढून वाचते आहे. तरीही पोचलेल्या गोष्टींचा रकाना हवाच, यावर मी ठाम आहे.

स्वरयंत्र

तशी मोजणी १९९३ पासून आहे: निकोलस आणि ब्रुकशायर यांनी बोलण्यातले नेमके आणि समर्पक शब्द मोजायची पद्धत दिली. आम्ही ती वेळेअभावी टाळतो, हे चूकच. पुढच्या वेळी बाबांच्या तुमच्याशी चाललेल्या गप्पा रेकॉर्ड करून आणा. पंधरा मिनिटं पुरेत. कॅमेऱ्यात त्यांचे हात दिसू द्या आणि ते अडले तर शब्द पुरवू नका.