ला योरोना वयाप्रमाणे बदलते

ला योरोना, म्हणजे मेक्सिकन लोककथेतली रडणारी बाई, हा पोरांना पाण्यापासून लांब ठेवायला रचलेला बागुलबुवा, एवढंच काही जण म्हणतात. लहान मुलांपुरतं ते खरंच आहे. न्यू मेक्सिकोत ती शेताच्या पाटांकाठी फिरते, दक्षिण टेक्सासात रिओ ग्रांदे नदीच्या काठी. पण मेक्सिकन-अमेरिकन घरातली मुलगी मोठी होते तशी गोष्टही सरकते. सहा वर्षांच्या नातीला पांढऱ्या कपड्यातली, बुडवलेल्या लेकरांसाठी रडणारी बाई तेवढी कळते. त्या बाईला पुरुषाने टाकलं होतं, हा गाळलेला भाग आजी पुढे कधीतरी, स्वयंपाकघरात, हळू आवाजात सांगते.

मग नाचाची गोष्ट. आईचं न ऐकता मुलगी नाचायला जाते, देखणा परका तरुण हात पुढे करतो, आणि कुणाचं तरी लक्ष त्याच्या पायाकडे जातं: कोंबड्याचा पाय! टेक्सासातल्या सान अँटोनिओत तर हा सैतान कुठल्या डान्स हॉलमध्ये आला होता तेही सांगतात. पंधराव्या वाढदिवसाच्या, म्हणजे किन्सेआन्येराच्या सुमारास ही गोष्ट घरच्यांना बरी आठवते.

मला खरा रस आहे तो या मुलींनी उलट प्रश्न विचारण्यात. १९७० च्या दशकापासून चिकाना, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, लेखिकांनी मालिंचेकडेही नव्याने पाहिलं. १५१९ मध्ये मेक्सिको जिंकायला आलेल्या स्पॅनिश कोर्तेसच्या लोकांना गुलाम म्हणून दिलेली ती दुभाषी पुढे गद्दार ठरली. काहींच्या सांगण्यात तर रडणारी बाई तीच. पण तिला देऊन टाकताना तिला विचारलं कुणी होतं?