मदत हवी आहे: एआय एजंटला आरसिंक द्यायचं, पण डिलीट नको

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीची ड्रॉइंग्ज रोज रात्री कोल्हापुरातल्या बॅकअप सर्व्हरवर आरसिंकने (फाइल्स कॉपी करून दोन फोल्डर जुळवणारी कमांड) जातात. हे काम आता एजंटकडे, म्हणजे स्वतः कमांड चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमकडे जाणार.

भीती '--डिलीट'ची: सोर्समध्ये नाही ते बॅकअपवरूनही पुसणारा पर्याय. सोर्स डिस्क माउंट झाली (सिस्टिमला जोडली गेली) नाही तर फोल्डर नुसता रिकामा दिसतो. आरसिंकच्या लेखी ती एरर नाहीच, पलीकडचं सगळं साफ! सोर्सच्या शेवटी एक स्लॅश जादा पडला तरी शेजारचे फोल्डर उडतात.

एजंटच्या सेटिंगमध्ये कमांड नावाने अडवणं फोल आहे, तो शेल स्क्रिप्ट लिहून तीच चालवतो. म्हणून सर्व्हरवरच ऑथराइज्ड-कीजमध्ये (कोणत्या एसएसएच कीला काय करू द्यायचं ती फाइल) त्याच्या कीला 'आरआरसिंक -नो-डेल' बांधलंय, म्हणजे त्या कीने फक्त आरसिंक चालतं, तेही डिलीटशिवाय. ओव्हरराइट मात्र उरतंच. त्यासाठी रोजचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या जपलेल्या प्रती), एजंटच्या आवाक्याबाहेर.

अडलंय ते आठवड्याच्या सफाईला, म्हणजे सोर्समधून गेलेल्या फाइल्स बॅकअपवरूनही काढायला. एजंट काढायच्या फाइल्सची यादी देईल, माणूस मंजूर करेल, वेगळा युजर '--मॅक्स-डिलीट=५०' (जास्तीत जास्त ५० डिलीट) लावून आरसिंक चालवेल. पण मंजुरी आणि रन यांच्या मध्ये सोर्स बदलला तर? मर्यादा फक्त आकडा बघते, नावं नाही. मंजूर यादीच '--फाइल्स-फ्रॉम'ला (फक्त यादीतल्याच फाइल्स घेणारा पर्याय) देऊन '--डिलीट-मिसिंग-आर्ग्ज' (यादीतलं जे सोर्सवर नाही ते पलीकडे पुसणारा) कुणी वापरलंय का? यादी एजंटने मधेच बदलू नये म्हणून ती कुठे ठेवता?