थोडे दिवस गोळ्या थांबवल्या तर?

कुणी विचारतं, "तब्येत ठणठणीत आहे, मग एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधं) थोडे दिवस थांबवली तर काय बिघडतं?" बरंच बिघडतं. स्मार्ट नावाच्या मोठ्या चाचणीत सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) बघून औषध बंद-चालू करून पाहिलं होतं. त्या गटात आजार आणि मृत्यू दोन्ही जास्त निघाले, आणि २००६ मध्ये तो प्रकार थांबवावा लागला. अधूनमधून गोळ्या चुकवणंही धोक्याचंच. रक्तात औषध असतं पण पुरेसं नसतं, नेमके तेव्हाच त्याला दाद न देणारे विषाणू फोफावतात. किमान ९५ टक्के डोस घ्यायलाच हवेत, हा आकडा जुन्या औषधांवरून आला, डोल्युटेग्रॅविर हे नवं औषध चुकलेले डोस बरंच सांभाळून घेतं (म्हणून सूट नको!). चुकलेल्या गोळ्या डॉक्टरांपासून लपवू नका. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) वाढला तर औषध बदलायचं की नाही, हे गोळ्या किती चुकल्या यावरही ठरतं.