प्रेसमध्ये भावाची बोटं गेली, सायनच्या सेंटरला नेऊ का?

नमस्कार मंडळी, धाकटा भाऊ चाकणला ठेकेदाराकडं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होता, दिवाळीच्या आधी उजव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिलाय. प्रॉडक्शन निघावं म्हणून हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवला होता म्हणे, असो. वय २६, आयटीआय फिटर. जखम भरलीये पण ठेकेदार फोन उचलत नाही, आणि हा दिवसभर डाव्या हातात मोबाईल धरून पडलेला. आई म्हणते पानटपरी टाकून देऊ. कुणीतरी म्हणालं मुंबईला अपंगांना काम शिकवणारं सरकारी सेंटर आहे. खरंच काही होतं का तिथं?

जुना_टर्नर: तेच ते व्हीआरसी, म्हणजे व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटर, सायनला जुन्या एटीआयच्या (सरकारी ट्रेनिंग संस्था) आवारात, १९६८ पासूनचं. आता पाटीवर नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर लिहिलंय पण जुने लोक व्हीआरसीच म्हणतात. मी पोलिओवाला, जाऊन आलोय, पैसे लागत नाहीत. आधी मूल्यमापन करतात, म्हणजे हातात खरंच काम देऊन बघतात, नट बसव, वायर सोल, कीबोर्डवर बस, आणि उरलेल्या हाताला काय जमतंय ते ठरवतात. फिटर आहे ना, मग ड्रॉइंग वाचता येत असेल, मापं तपासायचं गेज धरता येत असेल, क्वालिटीकडं, म्हणजे तयार माल तपासायच्या कामाकडं वळवा त्याला. नोकरीची गॅरंटी मात्र कुणी देत नाही, ते डोक्यातून काढा.

हक्काचं_बोला: थांबा, सायन नंतर. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापत होते का? ठेकेदाराचा कामगार असला तरी लागू असतं. कामावरची इजा म्हणजे मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं, एका हाताची चार बोटं म्हणजे कायद्याच्या तक्त्यात ५० टक्के, त्या हिशोबानं दरमहा पैसे मिळतात आणि पुढं दुसरी नोकरी लागली तरी ते बंद होत नाहीत. शिवाय अपंगत्व ४० टक्के किंवा वर असलं तर व्हीआरसीतल्या ट्रेनिंगच्या काळात ईएसआय भत्ता देतं, हे तर ऑफिसात आपणहून कुणी सांगतच नाही!!

सातारची_मी: यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, तेही काढा, सरकारी भरतीतल्या ४ टक्के कोट्याला तेच लागतं. त्याचे टक्के सरकारी हॉस्पिटल ठरवतं, ईएसआय बोर्डाचे वेगळे, दोन्ही कागदांवर आकडा वेगळा आला तर घाबरू नका. आणि नोकरी लावतो म्हणून आधी रजिस्ट्रेशन फी मागणारे एजंट भेटतील, माझ्या दिराचे पैसे असेच गेले.

प्रश्नकर्ती: ईएसआयचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये आहे, कार्ड ठेकेदाराकडं. अपघाताचा रिपोर्ट भरलाय का तेच माहीत नाही

हक्काचं_बोला: नंबर पुरे, ब्रँच ऑफिसला जा. रिपोर्ट गेला नसेल तर लेखी अर्ज द्या, सोबत ज्या दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तिथला केसपेपर जोडा आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ठेकेदाराला फोन करत बसू नका आता. टपरीचं आईंना म्हणावं, थोडं थांबा