शब्दचर्चा : रुरोनी, रोनिन आणि अठ्ठावीस वर्षांचं कोडं

प्रश्नकर्ता
बारा वर्षांच्या भाच्यासोबत सुट्टीत ‘रुरोनी केन्शिन’ ही जपानी कार्टून मालिका बघतोय. लाल केस, डाव्या गालावर फुली, उलट्या धारेची तलवार. त्याने दोन प्रश्न टाकले आणि मामाची विकेट गेली. एक, रुरोनी म्हणजेच रोनिन का? दोन, हा पोरगेला दिसणारा माणूस ‘दहा वर्षांपूर्वीच्या युद्धात मी होतो’ म्हणतो, तर त्याचं वय काय? मी ‘भटका सामुराई’ असं सांगून वेळ मारून नेली. चाललं का?

कोशकीटक
नाही चाललं. ‘भटका’वर वाद घालता येईल, पण ‘सामुराई’ सरळ चूक आहे. मूळ जपानी नावात तो शब्दच नाही. उपशीर्षक आहे ‘मेइजी केन्काकू रोमान्तान’, म्हणजे मेइजी काळातल्या (मेइजी सम्राटाच्या, १८६८ ते १९१२) तलवारबाजाची अद्भुतरम्य कथा. केन्काकू म्हणजे तलवारबाज, आपल्या जुन्या शब्दात धारकरी. सामुराई ही जात-दर्जा सांगणारी गोष्ट. केन्शिन जन्माने शेतकऱ्याचा पोर. आईबाप पटकीने गेले (१८५८ साली तिकडे पटकीने खरोखरच थैमान घातलं होतं), पोराला माणसं विकणाऱ्यांनी नेलं, वाटेत दरोडेखोरांनी सगळ्यांना कापलं. हिको सेइजुरो नावाच्या तलवारबाजाने त्या पोराला वाचवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पोराने सगळ्यांची थडगी खणलेली, दरोडेखोरांचीसुद्धा. यात सामुराई घराणं कुठे आलं?

प्रश्नकर्ता
बरं, मग रोनिन?

जपानीची विद्यार्थिनी
यावर जरा सविस्तर लिहिते, कारण गंमत इथेच आहे.

रोनिन = ‘रो’ (लाट) + ‘निन’ (माणूस). लाटेवर वाहत गेलेला माणूस. फार जुन्या काळी, नारा काळात (आठवं शतक), ज्या गावात नाव नोंदलंय ती जमीन टाकून पळालेल्या शेतकऱ्यांना हा शब्द होता. पुढे तो धनी गेलेल्या सामुराईला चिकटला. १७०१ ते १७०३ मधलं अको प्रकरण, मेलेल्या धन्याचा सूड घेणारे ते सत्तेचाळीस रोनिन, त्यामुळे जगभर तोच अर्थ पोचला. आजच्या जपानीत मात्र कॉलेजची प्रवेशपरीक्षा हुकली म्हणून वर्षभर घरी बसून पुन्हा तयारी करणारं पोर म्हणजे रोनिन. आपल्याकडे ‘ड्रॉप घेतलाय’ म्हणतात ना, तेच.

आता रुरोनी. ‘रुरो’ (वाहणं + लाट) हा खरा, कोशातला शब्द आहे, अर्थ भटकंती. त्याला ‘नी’ जोडून ‘रुरोनी’ केला तो लेखक नोबुहिरो वात्सुकी यांनी. म्हणजे मेइजी काळातल्या एखाद्याला विचारलं असतं तर त्याला हा शब्द माहीत नसता! कानाला रोनिनचा भाऊ वाटावा अशी घडण मुद्दाम ठेवलीय. शिवाय उपशीर्षकातल्या ‘रोमान’ या शब्दाच्या चित्रलिपीतही तीच ‘लाट’ बसलीय. शीर्षकात ‘रुरोनी’ हिरागानात, म्हणजे नुसता उच्चार दाखवणाऱ्या जपानी लिपीत लिहिलंय, म्हणून ही लाट वरवर बघणाऱ्याला दिसत नाही.

कोशकीटक
आणि नवा शब्द घडवायची गरज का पडली तेही बघा. गोष्ट सुरू होते १८७८ साली, म्हणजे मेइजी काळाच्या अकराव्या वर्षी. जहागिऱ्या खालसा झाल्या १८७१ मध्ये. धनीच उरले नाहीत, मग बिनधन्याचा कोण आणि धन्याचा कोण? १८७६ च्या हुकुमाने कमरेला तलवार लावायलाही बंदी आली. म्हणजे तलवार घेऊन हिंडणारा केन्शिन चालताबोलता गुन्हा आहे. रोनिन हा शब्द तोवर पोकळ झालेला. त्यात भर म्हणजे रोनिनचा धनी त्याला सोडून गेलेला असतो. केन्शिनला कोणी टाकलेलं नाही. तो स्वतः उठून गेला. माझ्या मते सगळा फरक या एका क्रियापदात आहे.

प्रश्नकर्ता
उठून गेला म्हणजे? आम्ही अजून सहाव्या भागात आहोत, पण सांगा, भाच्याला फोडणार नाही.

जपानीची विद्यार्थिनी
रसभंगाची जबाबदारी तुमची. गुरूशी भांडून चौदाव्या वर्षी बाहेर पडला, साल १८६३. शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, विरोधात उठलेल्या चोशू या जहागिरीच्या बंडखोरांत गेला. त्याच वर्षी ताकासुगी शिन्साकू यांनी तिथे किहेइताई ही पलटण उभारली, ती खरी, तिच्यात शेतकऱ्यांची पोरंही घेत. चोशूचे पुढारी कात्सुरा कोगोरो यांनी त्याला क्योटोत गुप्त खुनांच्या कामाला लावलं (हे कथेतलं, कात्सुरा खरे). तिथे त्याचं नाव पडलं हितोकिरी बत्तोसाई. ‘हितो’ माणूस, ‘किरी’ कापणं. पंधराव्या वर्षी तोमोए हिच्याशी लग्न. गालावरच्या फुलीची एक रेघ, तिचं आधी ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याने मरता मरता ओढली, तेव्हा केन्शिन त्याला कापत होता. दुसरी रेघ तिची. जानेवारी १८६८, शोगुनच्या फौजेशी तोबा-फुशिमीची लढाई जिंकली आणि हा तलवार टाकून चालता झाला. पुढे दहा वर्षं नुसती पायपीट.

चिमटा
हितोकिरीला मराठीत ‘मारेकरी’. उगाच ‘मानवकर्तक’ वगैरे करू नका.

कोशकीटक
मारेकरी चालेल. ‘मारेकरी घातले’ या बखरीतल्या प्रयोगात कोणीतरी घालणारा असतोच, तो इथेही आहे. खऱ्या इतिहासात हितोकिरी म्हणून चौघांची नावं घेतात, त्यातले कावाकामी गेन्साई (१८३४–१८७२) हे केन्शिनचा नमुना. ठेंगणे, गोरे, दिसायला नाजूक, आणि १८६४ मध्ये साकुमा शोझान या विद्वानाला भर दिवसा मारणारे. त्यांना मेइजी सरकारनेच मृत्युदंड दिला. कथेतला मारेकरी सुटला, खरा सुटला नाही.

प्रश्नकर्ता
वयाचं राहिलंच.

जपानीची विद्यार्थिनी
लेखकाने जन्मतारीख दिलीय, २० जून १८४९. गोष्टीच्या सुरुवातीला अठ्ठावीस. (मूळ चित्रकथा १९९४ ते १९९९ चालली आणि तिचे खंडही अठ्ठावीसच. योगायोग.) मेइजी सरकारातले बडे मंत्री ओकुबो तोशिमिची यांचा खून १४ मे १८७८ चा, तो कथेत आलाय. त्या दिवशीही त्याचे अठ्ठावीसच भरतात.

पण त्या काळच्या माणसाने हा आकडा सांगितला नसता. तेव्हा ‘काझोए-दोशी’ पद्धत रूढ होती. जन्मलं की एक, आणि दर नववर्षाला सगळ्यांचं एकदम एक वाढतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेलं पोर दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! १८७३ पासून इंग्रजी कॅलेंडर आलं, पूर्ण वर्षं मोजायचा कायदा १९०२ मध्ये झाला, तरी लोक जुन्याच हिशेबाने बोलत राहिले. १९५० मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. त्या मोजणीने केन्शिन तीस.

चिमटा
म्हणजे आमच्या आजीसारखं. ‘अठ्ठावीस सरली, एकोणतिसावं लागलं.’

जपानीची विद्यार्थिनी
जवळपास. पण आजीच्या हिशेबातही एकोणतीसच होतात. काझोए त्याच्याही एक पाऊल पुढे, कारण वाढदिवस बघतच नाही. मराठीत एकाच माणसाला तीन उत्तरं : अठ्ठावीस पूर्ण, एकोणतिसावं चालू, जपानी हिशेबाने तीस.

कोशकीटक
आता मराठी प्रतिशब्द ठरवूया. ‘भटक्या’ मला खटकतो. एकीकडे भटक्या-विमुक्त जमाती, दुसरीकडे भटकी कुत्री, मधे हा माणूस उभा करायचा? ‘मुशाफिर’ला कुठेतरी पोचायचं असतं, याला पोचायचं नाही. ‘परिव्राजक’ जवळ येतो, कारण हिंडणं हे त्याचं प्रायश्चित्तच आहे, पण भगवी वस्त्रं डोळ्यांपुढे येतात. मी ‘फिरस्ता’ला मत देतो.

चिमटा
सडाफटिंग.

कोशकीटक
बायको गमावलेल्या माणसाला सडाफटिंग म्हणणार? तू झोप आता.

प्रश्नकर्ता
फिरस्ता छान. आणखी एक. तो स्वतःला ‘सेश्शा’ म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी ‘दे गोझारू’ लावतो, ते काय?

जपानीची विद्यार्थिनी
सेश्शा म्हणजे शब्दशः ‘हा अडाणी माणूस’. जुन्या योद्ध्यांचं नम्र ‘मी’. ‘दे गोझारू’ तशीच जुनाट, अदबशीर ‘आहे’. मराठीत ‘हा पामर’ बसेल. गंमत अशी की जुन्या चवताळलेल्या बत्तोसाईसारखा बोलू लागला की ‘पामर’ गळतो आणि साधा उर्मट ‘ओरे’ येतो. भाषांतरात हे निसटलं तर अर्धी गोष्ट निसटली. ‘मी’ बदलला की समजायचं, आता कोणीतरी मरणार.

आणि जाता जाता नावाचं. आईबापांनी ठेवलेलं नाव शिंता, चित्रलिपीत ‘हृदय’ आणि ‘जाड, मोठं’. गुरू म्हणाला, तलवारबाजाला हे फार मऊ आहे, आणि केन्शिन ठेवलं, ‘तलवार’ आणि ‘हृदय’. ‘शिंता’ची हीच दोन अक्षरं ‘तोकोरोतेन’ अशीही वाचतात. तो एक खाण्याचा पदार्थ, चायना ग्रासच्या गार शेवयांसारखा. गुरूच्या तक्रारीत तथ्य होतं.

प्रश्नकर्ता
भाच्याला सांगितलं : रोनिन नाही, सामुराई नाही, फिरस्ता, वय अठ्ठावीस, पण त्यांच्या मोजणीने तीस. फिरस्ता पसंत पडला. तिसावर मात्र चेहरा पडला. म्हणाला, ‘तीस? म्हणजे काका झाला की!’ माझं एकतिसावं चालू आहे हे त्याला आठवत नसावं.